नेट गेले म्हणजे नेमके काय गेले?
सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकला वेगापेक्षा पर्यायी वाटेची गरज अधिक

नाशिक, खास प्रतिनिधी

लासलगावच्या बाजार समितीतील हिशेब, द्राक्ष निर्यातदाराची ‘ग्रेपनेट’वरील नोंद, सातबाऱ्याचा ऑनलाइन उतारा, रेशन दुकानातील अंगठा घेणारे यंत्र आणि रविवार कारंजावरील वडापावच्या गाडीला लटकवलेला क्यूआर कोड या सर्वांना आज एक गोष्ट समान लागते, ती म्हणजे अखंड इंटरनेट जोडणी. ती तुटली की ग्राहकाच्या पदरी पडणारे उत्तर ठरलेले असते, ‘सर्व्हर डाउन आहे.’ प्रत्यक्षात अनेकदा सर्व्हर सुरळीत चालू असतो. त्याच्यापर्यंत जाणारी वाट तुटलेली असते किंवा चुकलेली असते. तुटलेली वाट आणि चुकलेली वाट या दोन भिन्न गोष्टी आहेत, त्यांची कारणे भिन्न आहेत आणि उपायही भिन्न आहेत. २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिक व त्र्यंबकेश्वर परिसरात कोट्यवधी रुपयांची कामे हाती घेतली जात असताना हा फरक समजून घेणे केवळ तंत्रज्ञांपुरते मर्यादित राहिलेले नाही.

सगळ्या वाटा मुंबईकडे

विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा महानगरांना अग्रक्रम मिळाला. पुढे नाशिकसारख्या शहरांत सेवा पोहोचली, तरी तिची मुळे महानगरांतच राहिली. त्या काळात तर दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधील माहितीही अनेकदा अमेरिकेला वळसा घालून परत भारतात येत असे. हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी २००३ मध्ये ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ अर्थात ‘निक्सी’ या संस्थेची स्थापना झाली. अशा अदलाबदल केंद्राचे काम एस.टी.च्या मध्यवर्ती स्थानकासारखे असते. निरनिराळ्या आगारांच्या गाड्या एका छताखाली येतात आणि प्रवासी तेथे गाडी बदलतो. इंटरनेटवरील माहितीची पाकिटेही याच रीतीने एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात जातात.

पश्चिम किनाऱ्यावर समुद्राखालील आंतरराष्ट्रीय केबल प्रामुख्याने मुंबईत किनाऱ्याला लागतात. मोठी डेटा सेंटर मुंबई व नवी मुंबईत आहेत. निक्सीबरोबरच खासगी अदलाबदल केंद्रेही तेथेच विस्तारली. साहजिकच नाशिकच्या बहुतांश इंटरनेट वाहतुकीचा ओढा मुंबईकडे आहे. याचा एक चमत्कारिक परिणाम असा, की कॉलेज रोडवरील एखाद्या कार्यालयाने एका कंपनीच्या जोडणीवरून सिडकोतील दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फाइल पाठवली, तर ती फाइल मुंबईला जाऊन पुन्हा नाशिकला येण्याची शक्यता मोठी असते.

हा वळसा मोजताही येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. नाशिक ते मुंबई हे अंतर सुमारे १७० किलोमीटर धरले, तर पाकीट मुंबईमार्गे जाऊन त्याचे उत्तर त्याच वाटेने परत येईपर्यंत ६८० किलोमीटरचा प्रवास होतो. त्याला साडेतीन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा साधारण तीनशेवा भाग लागतो. हा विलंब कोणाला जाणवणारही नाही. प्रश्न विलंबाचा नसून अवलंबित्वाचा आहे. मुंबईची वाट तुटली तर एकाच शहरातील दोन कार्यालयेही परस्परांना दुरावू शकतात.

आधी निदान, मग दुरुस्ती

तक्रार आली की जाळे सांभाळणारे अभियंते सर्वप्रथम एकच गोष्ट शोधतात. बिघाडाची व्याप्ती किती? तो एका घरापुरता आहे, एका वसाहतीपुरता आहे, संपूर्ण शहराचा आहे, की शहरातील सर्वांना केवळ एखादेच संकेतस्थळ दिसत नाही? घरातील फायबरच्या यंत्रावर लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशच पोहोचत नाही असा त्याचा सरळ अर्थ होतो आणि शोध गल्लीतील खांबापासून सुरू होतो. दिवा हिरवा असूनही काही उघडत नसेल, तर दोष पुढे कुठेतरी असतो.

त्यानंतर ‘पिंग’ आणि ‘ट्रेसराउट’ ही दोन जुनी साधने उपयोगी पडतात. पिंग १९८३ मध्ये तयार झाले. हाक मारायची आणि ओ येण्यास किती वेळ लागला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. ट्रेसराउट त्यापुढे जाते. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि वाटेतील प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला की पाकीट रद्द होते आणि संबंधित राउटर पाठवणाऱ्याला तसे कळवतो. म्हणून आधी एक, मग दोन, मग तीन असे आकडे घालून पाकिटे पाठवली, की वाटेवरचे एकेक ठाणे आपली ओळख सांगते आणि वाटेचा नकाशा तयार होतो.

हा नकाशा वाचताना मात्र सावधगिरी लागते. मधल्या एखाद्या ठाण्यासमोर नावाऐवजी तारका दिसल्या, म्हणजे दोष तेथेच आहे असा निष्कर्ष अनेकदा घाईने काढला जातो. वास्तविक कित्येक राउटर अशा चौकशीला उत्तर देण्याचे टाळतात, पण पाकिटे व्यवस्थित पुढे पाठवतात. शिवाय जाण्याची आणि येण्याची वाट एकच असते असे नाही. नाशिकहून निघालेले पाकीट एका कंपनीमार्फत मुक्कामी पोहोचते आणि त्याचे उत्तर दुसऱ्याच कंपनीच्या वाटेवर हरवते. अशा वेळी आपल्या टोकाकडून केलेली तपासणी अपुरी ठरते आणि पलीकडच्या कंपनीतील अभियंत्याला ‘तुमच्याकडून आम्ही दिसतो का?’ असे विचारावे लागते. बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांचे तंत्रज्ञ बिघाडाच्या वेळी परस्परांशी बोलतात, म्हणूनच इंटरनेट चालते. दक्षिण आशियातील जाळे-चालकांचा ‘सॅनॉग’ हा गट २००३ पासून याच देवाणघेवाणीसाठी एकत्र येत आला आहे.

कित्येकदा या तपासणीतून वाट निर्दोष असल्याचेही निष्पन्न होते. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय व्यवहार अडले, तेव्हा लोकांच्या मोबाइलवर नेट चालू होते. अडचण देयक यंत्रणेच्या अंतर्गत होती. ‘नेट गेले’ आणि ‘सेवा बंद पडली’ यांतील फरक ग्राहकाला स्पष्ट सांगितला गेला, तर दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यातील निम्मे वाद टळतील.

तुटलेली वाट

तुटलेली वाट म्हणजे अक्षरशः तुटलेली केबल. जलवाहिनी, मलवाहिनी, गॅसवाहिनी किंवा रस्ता रुंदीकरणासाठी जेसीबीचा दात जमिनीत शिरतो आणि केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंची केबल क्षणात तुटते. तुटलेली जागा शोधण्यासाठी ‘ओटीडीआर’ नावाचे यंत्र वापरतात. ते एका टोकातून प्रकाशाचा स्पंद सोडते आणि परावर्तित होऊन आलेल्या प्रकाशावरून तुटलेले ठिकाण किती अंतरावर आहे ते सांगते. परंतु यंत्र सांगते ते अंतर केबलच्या लांबीचे असते. जागोजागी केबलची वेटोळी राखीव ठेवलेली असतात, त्यामुळे रस्त्यावरील नेमकी जागा जुन्या नोंदींवरून आणि लाइनमनच्या आठवणीवरून ठरते. नोंदी चुकीच्या असतील तर दुरुस्तीपेक्षा शोधालाच अधिक वेळ लागतो. जागा सापडली की खड्डा खणून, पाणी उपसून, एकेक तंतू रंगानुसार जुळवून स्प्लायसिंग यंत्राने सांधावा लागतो. केबलमध्ये ९६ तंतू असतील, तर हे काम ९६ वेळा करावे लागते. भर पावसात घाटाच्या कडेला हे काम किती कष्टाचे असते, याची कल्पना ‘नेट कधी येणार?’ असे विचारणाऱ्याला सहसा नसते.

अशा खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारने सांगितले आहे. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०२३ मध्ये नियम अधिसूचित झाले आणि २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झाले. खोदकाम करणाऱ्याने आधी सूचना द्यावी, त्या जागेखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांनी तशी माहिती द्यावी आणि नुकसान झाल्यास भरपाई द्यावी, अशी ही व्यवस्था आहे. ती कागदावर चोख आहे. परंतु मुख्य ठेकेदाराने काम पोटठेकेदाराला आणि पोटठेकेदाराने जेसीबीचालकाला दिल्यानंतर ही सूचना प्रत्यक्ष खड्ड्यापर्यंत पोहोचते का, हा कळीचा प्रश्न आहे. सिंहस्थाच्या कामांत महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण, वीज वितरण कंपनी असे अनेक हात एकाच रस्त्यावर फिरणार असल्याने त्याचे महत्त्व वाढते.

चुकलेली वाट

दुसऱ्या प्रकारात केबल शाबूत असते, राउटरचे दिवे लुकलुकत असतात, तरीही पाकिटे भलतीकडे जातात. इंटरनेट हे एकसंध जाळे नाही. जगभरातील ७५ हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी परस्परांना जोडली गेली आहेत. ‘अमुक पत्त्यांकडे जायचे असेल तर माझ्याकडून जा’, असे प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्याला सांगते आणि शेजारी ते पुढच्याला सांगतो. या सांगण्याच्या पद्धतीला ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ म्हणतात. तिची उभारणी मूलतः परस्परविश्वासावर झाली आहे. एखाद्याने चुकीचे सांगितले, तर ती चूक कानोकानी जगभर जाते.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी याचे प्रत्यंतर आले. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशात यू-ट्यूब बंद करण्यासाठी त्या पत्त्यांची वाट स्वतःकडे वळवली, परंतु ती घोषणा देशाबाहेरही गेली. यू-ट्यूबने १,०२४ पत्त्यांचा मोठा गट जाहीर केला होता. पाकिस्तानातून त्यातीलच २५६ पत्त्यांचा लहान गट जाहीर झाला. राउटर नेहमी अधिक नेमका पत्ता ग्राह्य धरतो. ‘जिल्हा नाशिक’ एवढेच सांगणाऱ्यापेक्षा ‘पंचवटी, नाशिक’ सांगणाऱ्यावर पोस्टमन विश्वास ठेवतो, तसेच हे. परिणामी जगातील यू-ट्यूबची वाहतूक सुमारे दोन तास पाकिस्तानकडे वळली आणि तेथेच लुप्त झाली.

भारतीय कंपन्याही याला अपवाद नाहीत. ६ नोव्हेंबर २०१५ रोजी भारती एअरटेलच्या जाळ्यातून सुमारे १६ हजार पत्तेगट स्वतःचेच असल्याची चुकीची घोषणा झाली आणि ती काही तास टिकून राहिली. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून ३० हजारांहून अधिक पत्तेगटांबाबत अशीच चूक झाली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री तर फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास दिसेनासे झाले. देखभालीच्या कामातील एका चुकीने फेसबुकचे स्वतःचे जाळे आतून तुटले आणि पाठोपाठ त्याच्या पत्त्यांची घोषणाच जगाच्या नकाशावरून मागे घेतली गेली. त्या रात्री नाशिकच्या एखाद्या केबल ऑपरेटरकडे कितीही तक्रारी आल्या असत्या, तरी त्याच्या हाती काहीच नव्हते.

या दोषावर उपाय उपलब्ध आहे. कोणते पत्ते कोणत्या जाळ्याने जाहीर करावयाचे, याची सांकेतिक स्वाक्षरीनिशी नोंद करता येते. ही एक प्रकारे पत्त्यांची सातबारा नोंद होय. कोणी जमिनीवर हक्क सांगू लागला तर उतारा पाहावा, तद्वत राउटर घोषणा तपासून खोटी नाकारू शकतो. भारतात पत्त्यांचे वाटप करणाऱ्या ‘इरिन’ या नोंदणी संस्थेमार्फत ही सोय मिळते. हा उपाय सर्व चुका रोखत नाही. घोषणा करणारा खरा आहे की नाही एवढेच त्यातून कळते, मधली वाट योग्य आहे का हे कळत नाही. तरीही जिल्हा पातळीवरील लहान सेवादात्यांनीही आपापली नोंद करणे आणि खोट्या घोषणा नाकारण्याची व्यवस्था राउटरमध्ये बसवणे अगत्याचे आहे.

दोन कंपन्या, एकच चर

एक केबल तुटली तर वाहतूक दुसऱ्या वाटेने आपोआप वळावी, हेच इंटरनेटचे मूळ वैशिष्ट्य. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग’ या दोन केबल तुटल्या, तेव्हा पश्चिमेकडील भारताची जोडणी निम्म्याने रोडावली. तरीही देश पूर्ण अंधारात गेला नाही. सिंगापूरमार्गे पूर्वेकडे वाट असल्याने वाहतूक तिकडे वळवता आली. वेग मंदावला, पण काम चालू राहिले. तांबड्या समुद्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये केबल तुटल्या, तेव्हाही हाच अनुभव आला. याच घटनांचा दुसरा धडा असा, की निरनिराळ्या मालकांच्या केबल एकाच चिंचोळ्या पट्ट्यातून जात असतील, तर एकाच अपघातात अनेक पर्याय एकदम निकामी होतात.

नाशिकसाठी असा चिंचोळा पट्टा म्हणजे कसारा घाट. मुंबई-आग्रा महामार्ग आणि मध्य रेल्वे या दोहोंनाही इगतपुरी-कसारा परिसरातूनच कोकणात उतरावे लागते. फायबर केबल टाकण्यासाठी महामार्गाची आणि रेल्वेमार्गाची कड सोयीची असते. पावसाळ्यात दरडी कोसळणे या भागाला नवे नाही. एखादे रुग्णालय किंवा कारखाना दोन कंपन्यांच्या जोडण्या घेऊन निश्चिंत होतो. पण त्या दोन कंपन्यांनी तिसऱ्याच कंपनीचे तंतू भाड्याने घेतलेले असतील, किंवा दोघींच्या केबल एकाच चरात पहुडलेल्या असतील, तर बिले दोन आणि वाट एक अशी स्थिती होते. राउटिंग कितीही कुशलतेने केले, तरी प्रत्यक्षात नसलेली वाट कोणताही अभियंता निर्माण करू शकत नाही.

भूगोल मात्र नाशिकला अनुकूल आहे. सिन्नर-संगमनेरमार्गे पुणे, येवल्यामार्गे छत्रपती संभाजीनगर, मालेगावमार्गे धुळे व पुढे मध्य प्रदेश, पेठमार्गे गुजरात, त्र्यंबक-जव्हारमार्गे पालघर अशा अनेक दिशा उपलब्ध आहेत. विद्युत मनोऱ्यांवरून जाणाऱ्या फायबरला तर जेसीबीची भीतीही नाही. यांपैकी किमान दोन दिशांना पुरेशा क्षमतेची वाट मिळणे आणि त्यांतील एकीने मुंबई टाळून चेन्नईकडील सागरी केबलपर्यंत पोहोचणे, हे खऱ्या अर्थाने पर्यायी जोडणीचे लक्षण ठरेल.

सिंहस्थापूर्वी काय व्हावे?

सिंहस्थातील पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहे. घाटात दरडींचा आणि शहरात पाणी साचण्याचा हाच काळ. गर्दीत मोबाइल टॉवरवर ताण येतो हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तात्पुरत्या टॉवरची चर्चा होते. परंतु टॉवरलाही मागून फायबरचीच जोडणी लागते. गर्दीवर लक्ष ठेवणारे कॅमेरे, नियंत्रण कक्ष, हरवलेल्यांचा शोध, रुग्णवाहिका यांची भिस्त याच केबलवर राहणार आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचे प्राण गेले होते. गर्दीच्या नियोजनात संपर्क तुटणे किती महाग पडू शकते, हे या शहराला वेगळे सांगण्याची गरज नाही.

यासाठी काही गोष्टी आताच करता येण्यासारख्या आहेत. पहिली, शासकीय यंत्रणांनी जोडणी घेताना ‘दोन कंपन्या’ एवढी अट न घालता ‘दोन स्वतंत्र मार्ग’ अशी अट निविदेत घालावी आणि कंपन्यांकडून केबलच्या मार्गाचा नकाशा मागावा. सुरक्षेच्या कारणास्तव तो जाहीर करता येत नसेल, तर जिल्हा प्रशासनाने तो आपल्या ताब्यात ठेवून पडताळावा. दुसरी, खोदकामाची परवानगी देतानाच आगाऊ सूचनेची पावती बंधनकारक करावी आणि ऐन पर्वकाळात संवेदनशील मार्गांवरील खोदकाम थांबवावे. तिसरी, शहरातील वाहतुकीची अदलाबदल शहरातच व्हावी. त्यासाठी केवळ केंद्राचा फलक लावून भागत नाही. मोठ्या कंपन्या तेथे जोडणी घेतात की नाही, यावर त्याचे यश अवलंबून असते. लहान सेवादाते परस्परांशी जोडले गेले आणि बडे बाहेर राहिले, तर नाशिकची माहिती मुंबईची वारी करतच राहील.

चौथी गोष्ट पारदर्शकतेची. दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ‘ट्राय’चे सेवा दर्जाविषयक नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहेत. एखाद्या जिल्ह्यातील सेवा चार तासांहून अधिक खंडित राहिल्यास कंपनीने प्राधिकरणाला कळवणे आणि ती चोवीस तासांहून अधिक बंद राहिल्यास ग्राहकाला बिलात सवलत किंवा मुदतवाढ देणे त्यात बंधनकारक आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे, पण जिल्हा हे माप धरले की सुरगाणा किंवा पेठ तालुक्यापुरता दोन दिवसांचा खंड त्यात झाकला जाण्याची शक्यता उरते. शिवाय कारण ग्राहकाला कळत नाही. केबल कुठे तुटली, ती सांधायला किती वेळ लागला, पर्यायी वाट होती का आणि असल्यास वाहतूक तिकडे का वळली नाही, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर जाहीर झाली, तर पुढचा बिघाड टाळण्यास मदत होईल आणि भर पावसात केबल सांधणाऱ्याच्या कामाचे मोलही लोकांना कळेल.

तूर्त जिल्हा प्रशासनाने एक साधी चाचणी घ्यावी. पावसाळ्याआधी एखाद्या रात्री, पूर्वसूचना देऊन, आपल्या नियंत्रण कक्षाची मुंबईकडील मुख्य जोडणी तासभर बंद करावी आणि दुसऱ्या वाटेने काय काय चालू राहते ते पाहावे. जे बंद पडेल त्याची यादी करावी. सिंहस्थासाठी दुरुस्त करावयाच्या कामांची ती सर्वांत विश्वासार्ह यादी असेल.